चढावरची उचकी

गाडी उभी असताना काहीच नाही. आयडलिंगला इतकी शांत की चालू आहे का बंद हे कळायला मी एकदोनदा आरपीएमचा काटा बघितलाय. पहिल्या गिअरला ठीक, दुसऱ्याला ठीक, सपाट रस्त्यावर दिवसभर पळवा, ठीक. पण पाचव्या गिअरमध्ये साठच्या आसपास स्पीड असताना चढ लागला आणि ॲक्सिलरेटर जरा दाबला की एक झटका. मग लगेच दुसरा. मग दोन-तीन सलग, आणि सगळी गाडी उचकी लागल्यासारखी हलायची. पाय उचलला की गायब, जणू काही झालंच नाही.

बायको म्हणाली, "तू क्लच नीट सोडत नाहीस." मला गाडी चालवायला लागून वीस वर्षं झाली आणि त्या वेळी क्लचवर माझा पायही नव्हता, पण खोटं कशाला बोलू, पुढचे दोन दिवस मी क्लच जरा जास्तच जपून सोडला.

मग गॅरेज. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, न्यूट्रलमध्ये तीन-चारदा रेस दिली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, एकदम स्मूथ आहे. कुठे मिसिंग आहे?" आणि खरंच स्मूथ होतं. डॉक्टरसमोर जाऊन बसलं की दुखणं कसं पळून जातं, तसं. मी हात हवेत नाचवून "नाही हो, अशी अशी धक्के मारते" सांगत होतो, तो सहानुभूतीने मान हलवत होता, आणि शेवटी मलाच वाटायला लागलं की आपण उगाच त्याचा वेळ खातोय.

आता मागे वळून बघितलं तर त्याची चूक एवढीच होती की त्याने रेस न्यूट्रलमध्ये दिली. न्यूट्रलमध्ये इंजिनला कामच काय असतं, स्वतःलाच फिरवायचं. काटा चार हजारावर जातो, आवाज मोठा येतो, आपल्याला वाटतं किती ताण पडला, पण थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, जेमतेम उघडलेला असतो आणि सिलेंडरमध्ये हवा थोडीशीच शिरते. उलट पाचव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला चढावर पाय दाबला की आवाज फारसा नाही, पण थ्रॉटल सताड उघडा, सिलेंडर हवेने ठासून भरलेला आणि दाब जबरदस्त. इंजिन ओरडतंय म्हणजे ते दमलंय असं काही नसतं. हे कळायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मी जे जे केलं ते सांगायला थोडी लाजच वाटते.

एअर फिल्टर बदलला. थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. पेट्रोलमध्ये ओतायची ती इंजेक्टर क्लीनरची बाटली ओतली, इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणारा भाग. पंप बदलून दुसरीकडचं पेट्रोल भरलं. आणि हे सगळं एकाच आठवड्यात, म्हणजे यातल्या एखाद्याने फरक पडला असता तरी कशाने पडला हे मला ब्रह्मदेवही सांगू शकला नसता. गंमत म्हणजे फरक पडला! तीन दिवस गाडी मस्त चालली. मी घरात सांगून टाकलं, कचरा होता, निघाला. चौथ्या दिवशी त्याच चढावर, तीच उचकी. नंतर लक्षात आलं की ते तीन दिवस मी गाडी इतक्या मायेने चालवत होतो की इंजिनवर लोड येतच नव्हता.

मिसफायर म्हणजे काय, तर सिलेंडरमध्ये हवा-पेट्रोल आलं, दाबलं गेलं, आणि पेटलं नाही. किंवा नीट पेटलं नाही. बस. चार सिलेंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला फिरत असेल तर प्रत्येक सिलेंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा पेटतं, चारही मिळून १००. त्यातले दोन-चार चुकले तरी आपल्या पाठीला कळतं, हे मला अजूनही नवल वाटतं. आणि पेटण्यासाठी लागतात तीन गोष्टी: ठिणगी, हवा-पेट्रोलचं बरोबर प्रमाण, आणि दाब म्हणजे कॉम्प्रेशन. तिन्हीतलं काहीही बिघडू शकतं. पण फक्त लोडवरच, फक्त पाय दाबल्यावरच, आणि असं फटकन तुटल्यासारखं होत असेल तर आधी ठिणगीकडे बघायचं, हे का ते कळण्यासाठी थोडं फिजिक्स लागतं, थोडंच.

ठिणगी पाडतो तो स्पार्क प्लग. प्लगच्या दोन टोकांत मिलिमीटरभर अंतर असतं, गाडीप्रमाणे ०.७ ते १.१ मिमीच्या आसपास. त्या फटीतून वीज उडी मारते. उडी मारायला किती व्होल्ट लागतील हे फटीच्या अंतरावर तर आहेच, पण मधल्या हवेच्या दाबावरही आहे. फ्रीडरिश पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८८९ साली मांडून ठेवलंय, तेव्हा मोटारी नुकत्या कुठे रांगायला लागल्या होत्या. हवा जितकी दाट तितकी तिला फोडायला वीज जास्त जोरात हवी. म्हणजे आयडलिंगला ज्या प्लगचं आठ-दहा हजार व्होल्टमध्ये भागतं, तोच प्लग चढावर पाय दाबल्यावर पंचवीस-तीस हजार मागू शकतो. कॉइलची ताकद तेवढी असते, बारा व्होल्टच्या बॅटरीवरून तीस-चाळीस हजार उभे करायचे हेच तिचं काम, मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये शोधलेल्या इंडक्शनच्या, म्हणजे चुंबकत्व बदलून तारेत वीज उभी करण्याच्या, जोरावर. पण एवढे व्होल्ट उभे राहिले की वीज वाट शोधायला लागते. प्लगच्या टोकाला दाट हवा फोडून जायचं, का बाजूने प्लगवर चढवलेल्या कॉइलच्या रबरातून, प्लगच्या चिनी मातीवरून सरकत बॉडीला जाऊन मिळायचं? जिथे कमी कष्ट तिथून जाणार. वीज आपल्यासारखीच आळशी.

आयडलिंगला हा प्रश्नच येत नाही, कारण समोरचा दरवाजा सहज उघडतो. म्हणून उभ्या गाडीत सगळं छान.

माझ्या लहानपणी घरी एक जुनी गाडी होती, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा डबा, आणि जाड काळ्या हाय-टेन्शन वायरींवाली. ती पावसाळ्यात मिसिंग करायची. एका रात्री वडिलांनी अंगणातला दिवा बंद करायला सांगितला, बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. अंधारात वायरींच्या अंगावरून निळ्या रेघा सरपटत गेल्या, चट्चट् आवाज करत. मला ते इतकं सुंदर वाटलं की हा बिघाड आहे हे डोक्यात शिरलंच नाही. "हात लावू नकोस, फेकून देईल," एवढंच म्हणाले ते. आताच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसलेली, सगळा प्रकार खोल विहिरीत झाकलेला, त्यामुळे ती रोषणाई बघायला मिळत नाही. वीज गळते तशीच, दिसत नाही इतकंच.

मध्यंतरी एकदा चेक इंजिनची लाइट नुसती लागली नाही, लुकलुकली. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. स्थिर लाइट म्हणजे वेळ काढून दाखवा. लुकलुकणारी लाइट म्हणजे आत्ता पाय उचला. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जातं आणि तिथे जाऊन जळतं, आणि आतली जाळी तापून वितळू शकते. मी नेहमीप्रमाणे दोन किलोमीटर तसंच रेटलं, "घरी जाऊन बघू" म्हणत. नशीब, वाचलं.

त्या लाइटने एक बरं केलं, मी स्कॅनर आणला. छोटा डबा, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि मोबाइलवर बघायचं. कोड आला पी ०३०३. यातला शेवटचा आकडा म्हणजे सिलेंडरचा नंबर. पी ०३०० आला असता तर कुठलाही एक नाही, इकडे तिकडे सगळीकडे असा अर्थ, आणि मग विचार वेगळ्या दिशेने करावा लागला असता: पेट्रोलचं प्रेशर, हवा मोजणारा सेन्सर, कुठे हवा शिरतेय का. गाडीला हे कळतं कसं, तर क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या धक्क्याने फिरणाऱ्या दांड्याला, एक दातेरी चाक असतं, बऱ्याच गाड्यांत ६० दातांचं आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले, आणि सेन्सर प्रत्येक दाताला लागलेला वेळ मोजत बसतो. एखाद्या सिलेंडरने धक्का दिला नाही की चाक तेवढ्यापुरतं किंचित मंदावतं. कोणाच्या पाळीला मंदावलं ते बघायचं. इतकं साधं. माझी पाठ जे करत होती तेच, फक्त नंबरासकट.

माझ्या गाडीत सिलेंडरप्रमाणे मिसफायरचे आकडे चालू गाडीत दिसतात, सगळ्याच गाड्यांत दिसतील असं नाही. गाडी चालवताना मोबाइलकडे बघणं शक्य नाही म्हणून मुलीला शेजारी बसवलं. ती बारा वर्षांची, तिला वाटलं गेम आहे. चढ लागला, मी पाचवा गिअर ठेवला, दोन हजाराच्या आत काटा, आणि पाय दाबला.

"बाबा, तीन नंबर. चौदा. एकवीस. बाबा, तो पळतोय!"

"बाकीचे?"

"बाकी सगळे शून्य. चाळीस झाले."

पाय उचलला. चाळीसवर थांबला. मग मागे फिरून तोच चढ, त्याच स्पीडला, पण तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. इंजिन बोंबलत होतं, पण आकडा वाढला तीनने. पुन्हा पाचव्यात, पन्नासच्या वर. ज्या दुखण्यासाठी मी गॅरेजमध्ये हातवारे करत होतो ते आता आकड्यात समोर होतं, आणि हवं तेव्हा आणता येत होतं. अर्धं काम इथेच झालं असं मी मनात म्हणलं. उरलेल्या अर्ध्याने जीव काढला तो भाग वेगळा.

इथे एक फसवणूक होते ती सांगतो, कारण मी तिच्यात अडकणार होतो. त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघितली तर गाडी म्हणत होती पेट्रोल कमी पडतंय, मी वाढवतेय. झालं, माझं डोकं लगेच फ्युएल पंपाकडे. पण सायलेन्सरमधला सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. सिलेंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर येतो, सेन्सरला वाटतं हवा जास्त झाली, म्हणजे पेट्रोल कमी, आणि कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल ओततो. म्हणजे मिसफायरमुळे ट्रिम बिघडली का ट्रिममुळे मिसफायर, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पंप कमजोर झाला की त्याची तऱ्हा वेगळी असते: गाडी दम लागल्यासारखी हळूहळू मागे पडते, जोरात पळवताना जास्त, आणि सहसा एकाच सिलेंडरला धरून बसत नाही. माझी फटकन तुटत होती आणि फक्त तीन नंबर. इंजेक्टर असू शकला असता, तोही एकाच सिलेंडरचा असतो, म्हणून त्याला यादीत ठेवला. वॉल्व्ह जळाला असेल तर तो आयडलिंगलाही लपून बसला नसता, म्हणून कॉम्प्रेशन शेवटी.

रविवारी सकाळी इंजिन गार असताना प्लग काढायला बसलो. आधी विहिरींतली माती हवेने उडवली, नाहीतर प्लग काढताच ती सरळ सिलेंडरमध्ये पडते. तीन नंबरची कॉइल ओढली तर खालचं रबर तेलकट. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून तेल झिरपून विहिरीत साचलं होतं, अगदी थोडं, पण रबर फुगून मऊ पडायला तेवढं पुरतं. प्लग काढला. टोक झिजून गोल झालेलं, फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, घातली तर १.३ मिमी, आणि पुस्तकात होतं १.० च्या आत. पांढऱ्या चिनी मातीवर खाली पत्र्याजवळ तपकिरी कडं होतं, ते बघून मी दचकलो, पण ते निरुपद्रवी असतं, जोराच्या विजेभोवती तेलाची वाफ आणि धूळ चिकटून पडलेला डाग. खरा चोर त्याच्या शेजारी होता: वरून खालपर्यंत उभी गेलेली एक काळी रेघ, पेन्सिलीने ओढल्यासारखी, केसाएवढी. रबराच्या आतून बॅटरी मारली तर बरोबर तिच्यासमोर तशीच दुसरी.

सगळी गोष्ट तिथेच वाचता आली. प्लग झिजला, फट वाढली, ठिणगीला आणखी व्होल्ट लागायला लागले, कॉइलने ते दिले, रबर तेलाने आधीच अर्धमेलं, आणि एके दिवशी चढावर विजेने बाजूची वाट धरली. वाट धरली ती जाळत गेली, आणि जळालेल्याचा झाला कार्बन, आणि कार्बनमधून वीज आणखी सहज जाते. पायवाट पडते तशी. एकदा पडली की सगळे तिथूनच.

चार नवे प्लग घातले. कॉइलचं रबर पुसून घेतलं आणि तीच पुन्हा लावली, कारण प्लग तर बदललेत ना, आता कशाला. हो, काळी रेघ बघून सुद्धा. माणूस दमला की त्याला वाटतं आता झालं असावं.

मुलगी शेजारी, तोच चढ, पाचवा गिअर.

"तीन नंबर सहा. सात." कमी झालं होतं. मी हसायला लागलो, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, दोन नंबर एकोणीस."

दोन नंबर! जो आजपर्यंत शून्य होता. त्या रात्री मी काय काय विचार केला ते सांगत नाही. कॉम्प्युटर गेला, वायरिंग गेलं, टायमिंग चेन ढिली झाली, गाडी विकून टाकू इथपर्यंत. बायको म्हणाली, "तू उघडायच्या आधी एकच बिघडलेलं होतं ना?" मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र शहाण्यासारखं वागलो. नवीन काही आणायचं नाही, फक्त जागा बदलायच्या, आणि एका वेळी एकच. तीनची कॉइल चारवर, चारची तीनवर. चढ. तीन शून्य झाला आणि चार नंबर मोजायला लागला. म्हणजे दोष कॉइलबरोबर चालत गेला. तीनची कॉइल, ठरलं. मग दोनची कॉइल एकवर आणि एकची दोनवर. चढ. दोन नंबर जिथल्या तिथे, ढिम्म हलला नाही. कॉइल दोषी असती तर एकने मोजायला हवं होतं. मग उरतो प्लग किंवा इंजेक्टर किंवा आतलं काहीतरी, आणि यातला प्लग तर परवाच मी माझ्या हाताने घातलेला, डब्यातून काढून, कोरा.

तेव्हा आठवलं. दोन नंबरच्या विहिरीच्या वर एक पाइप आडवा येतो, तिथे प्लग फिरवायची गोटी (पान्याचं पोकळ टोक) सरळ बसत नव्हती, मी दांडा जरा तिरका धरून शेवटचा पाव फेरा दिला होता आणि एक बारीकसा आवाज आला होता. टिक. मला वाटलं होतं गोटीच खोबणीत बसली.

प्लग काढला. डोळ्याला काही दिसेना. उन्हात फिरवून फिरवून बघितला, मग नखाने चिनी मातीवर हळूच चाचपलं, तेव्हा एका जागी नख अडकलं. आडवी तडा, केसासारखी, अर्ध्या घेरापर्यंत. आयडलिंगला तिचं अस्तित्वच नाही. पाय दाबला की वीज तिच्यातून पसार.

नवी कॉइल तीनला, नवा प्लग दोनला. गोटीला या वेळी मध्ये छोटा जोड घातला म्हणजे ती सरळ उभी राहते, हाताने आट्या फिरवल्या, जितकं जाईल तितकं बोटांनीच, आणि शेवटी टॉर्कच्या पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, पुस्तकात दिलंय तितकंच. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही बदललं, नाहीतर वर्षभराने तेच तेल त्याच रबरात. तडा गेलेला प्लग फेकला नाही. टेबलाच्या खणात आहे, मुलगी मैत्रिणींना दाखवते, "बाबांनी तोडला" म्हणून.

पुढच्या रविवारी पुन्हा तो चढ. ती मोबाइल धरून बसलेली, आता सरावलेली, मी काही विचारायच्या आत सांगते. "शून्य, शून्य, शून्य, शून्य." गाडी अशी चढत होती की मला तो रस्ता चढाचा आहे हेच विसरायला झालं. वरती पोचता पोचता ती म्हणाली, "थांब. एक नंबरला एक."

"एक म्हणजे किती?"

"एक म्हणजे एक, बाबा."

मी तिला समजावलं की एखाददुसरा चुकलेला स्पार्क चांगल्या इंजिनातही मोजला जातो, खड्ड्यातून चाक उडालं तरी दातेरी चाकाचा वेळ हलतो आणि मोजणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो, आणि मघाशी तिथे खड्डा होताच. तिला पटलं. तिने मोबाइल बंद करून खिशात टाकला आणि बाहेर बघायला लागली. मी गाणी बंद केली, वरून गाडी वळवली, खाली आलो, आणि तोच चढ परत पाचव्याच गिअरमध्ये घेतला.